अकरा नंबरचा कॅमेरा

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, आणि पाटी उन्हाने इतकी विटली होती की नाव वाचायला अगदी जवळ जावं लागे. एवढे कष्ट कुणी घेत नसे. सगळे त्याला रिवाइंड म्हणत. कुठल्याही स्क्रीनसमोर बसला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जरा मागे घ्या." कामाच्या ठिकाणी ते शोभायचं. पण बायको शेजारणीशी झालेलं भांडण रंगात येऊन सांगत असली, तरी हा शेंगा सोलता सोलता म्हणणार, "थांब, जरा मागे घे. आधी कोण बोललं?" मग उरलेलं भांडण बायको त्याच्याशीच करायची.

उमेदवारी त्याने टीव्हीच्या दुकानात केली. पेटीएवढे टीव्ही गेले तसा तो व्हिडिओ कॅसेटच्या यंत्रांकडे वळला. ती गेली तसा कॅमेऱ्यांकडे. जावई ज्या धंद्यात शिरतो तो धंदा बुडायला आला असं खुशाल समजावं, असं त्याचा सासरा चारचौघांत म्हणे, आणि सासऱ्याचं अगदीच चुकत होतं असं नाही. आता कॅमेऱ्यांसाठी नवी डबाबंद यंत्रं मिळतात, बिघडली की फेकायची. रिवाइंडकडे येणारी त्याआधीची. साधा संगणक, त्याच्या पोटात एक कार्ड, आणि त्या कार्डात शिरलेल्या सोळा कॅमेऱ्यांच्या सोळा वायरी. असली यंत्रं आता शहरात पंधरावीसच उरली होती आणि त्यांना हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतं. त्यामुळे वयाच्या चौपन्नाव्या वर्षीच तो जुन्या जमान्यातला माणूस झाला होता.

त्याच्या दोन सवयी सांगायला हव्यात. एक, शर्टाच्या खिशातली वही. प्रत्येक यंत्राला एक पान, आणि त्यावर कोणत्या तारखेला काय केलं त्याची नोंद. लिहायचा सगळं, उलटून वाचायचा मात्र कधीच नाही. दुसरी सवय म्हणजे निघताना दाराशी वळून "येतो" म्हणायचं. गिऱ्हाइकाला, पहारेकऱ्याला, आणि कुणीच नसलं तर बंद पडलेल्या यंत्रालासुद्धा. एकदा दाताच्या डॉक्टरकडून बाहेर पडताना तोंडात कापसाचा बोळा होता, तरी त्याने "येतो" म्हटलंच. बोळा जमिनीवर पडला आणि डॉक्टरने त्याला पुन्हा खुर्चीत बसवलं. बायको ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगते.

आणि एका गोष्टीचा त्याला अभिमान होता. आपल्या यंत्रावर चित्र तुटक येत नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा. तुटक चित्र त्याला सहन होत नसे. चालणारा माणूस मधेच नाहीसा होऊन चार पावलं पुढे उगवला की याच्या कपाळावर आठ्या पडायच्या, जणू आपल्याच घरात कुणीतरी भांडं आपटलंय.

म्हणून कापडाच्या गोदामाच्या मॅनेजरचा फोन आला आणि तो म्हणाला, "अहो, तुमचा व्हिडिओ तुटक येतोय," तेव्हा रिवाइंडने आधी "शक्य नाही" म्हटलं आणि मग अपघाताबद्दल विचारलं. अपघाताचं त्याच्या कानावर आलं होतं. नऊ दिवसांपूर्वी तिथल्या मालाच्या लिफ्टमध्ये सापडून एक हमाल गेला होता.

गोदामाची रचना अशी. मधोमध मोकळी जागा, तिच्याभोवती वर गॅलऱ्या, आणि एका कोपऱ्यात जाळीच्या पिंजऱ्यातून वरखाली जाणारी मालाची लिफ्ट. लिफ्टमध्ये माणसाने बसायचं नाही, फक्त कापडाचे गठ्ठे. बटण खालीच, आणि बटणाशी लिफ्टवाला. गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राचा आवाज इतका की हाक ऐकू जात नाही. म्हणून लिफ्ट सोडण्याआधी लिफ्टवाल्याने वर गॅलरीकडे बघून हात करायचा, क्षणभर थांबायचं आणि मग बटण दाबायचं. हात दिसला की वरच्या माणसाने पिंजऱ्यापासून दूर व्हायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पंचवीस वर्षं तो पाळला जात होता.

त्या दिवशी पहिल्या मजल्यावर एक गठ्ठा दारात अडकला होता. तो ओढायला हमाल पिंजऱ्यात वाकला, आणि खालून लिफ्ट आली. खरं तर वरचं दार उघडं असताना लिफ्ट हलायलाच नको. पण त्या दाराची कळ चार महिने बिघडलेली होती. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे विचारायला गेलं तर कुणालाच माहीत नव्हतं.

मॅनेजरने त्याला रेकॉर्डिंगच्या खोलीत नेलं. खोली कसली, जिन्याखालचं कपाटच ते. मॅनेजरने अकरा नंबरचा कॅमेरा लावला. हा कॅमेरा लिफ्टच्या समोर होता, लिफ्टवाला आणि बटण दाखवणारा. पहिल्या चित्रात लिफ्टवाला उघड्या दाराशी उभा. दुसऱ्यात दार बंद आणि त्याचं बोट बटणावर. तिसऱ्यात लिफ्ट वर गेलेली आणि त्याचं तोंड वळलेलं. चौथ्यात सगळे धावत सुटलेले.

"बघितलंत?" मॅनेजर म्हणाला. "मधलं सगळं गायब. सोमवारी कामगार खात्याचा अधिकारी येणार आहे. एवढं चित्र नीट करून द्या. त्याने हात केला नाही हे एकदा दिसलं की विषय संपला."

"केला असेल तर?"

"केला असता तर समोरचा वाकला असता का?" मॅनेजर म्हणाला आणि निघून गेला. बिघडलेल्या कळीचं नाव त्याने काढलं नाही.

रिवाइंडने बाह्या सारल्या. आधी त्याने संगणकाचं झाकण काढलं. पंख्यावर कापडाच्या तुसाचा थर बसला होता. तो ब्रशने झाडला. मशीन तापलं की चित्रं गळतात, म्हणून त्याने हात लावून पाहिलं, पण तापलेलं नव्हतं. मग हार्ड डिस्क तपासायला लावली. तिला तास लागणार होता, तेव्हा तो कपाटाबाहेर उलट्या खोक्यावर बसला.

लिफ्टवाला तिथेच जिन्याजवळ उभा होता. त्याला कामावरून थांबवलं होतं, तरी तो रोज वेळेवर येत होता आणि कुणी हाकलत नाही तोवर थांबत होता. पन्नाशीचा, बारीक चणीचा माणूस. रिवाइंडची त्याच्याशी जुनी ओळख. कॅमेरा बसवायचा असो की पुसायचा, शिडी धरायला नेहमी हाच यायचा. बाकीचे शिडी एका हाताने धरतात आणि गप्पा मारतात. हा दोन्ही हातांनी धरायचा आणि वर बघत राहायचा, रिवाइंड खाली उतरेपर्यंत.

"साहेब, नीट होईल का ते?" त्याने विचारलं.

"बघतोय. डिस्क तरी गेली असेल नाहीतर वायर."

"नीट झालं की आधी मला दाखवाल? मॅनेजरसाहेबांच्या आधी?"

रिवाइंडने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही हात केला होता ना?"

लिफ्टवाल्याने स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हाताचं काय सांगू साहेब. हात आपला होतोच. दिवसाला तीस फेऱ्या, पंचवीस वर्षं. पण त्या दिवशीचा मला आठवत नाही. मी रोज रात्री बसून आठवतो. आदल्या दिवशीचा आठवत नाही, त्याच्या आदल्या दिवशीचा आठवत नाही. कुठलाच हात आठवत नाही मला."

"मग आठवत नाही म्हणून सांगा अधिकाऱ्याला."

"अधिकाऱ्याचं सोडा हो. बायको विचारते." त्याने खाली पाहिलं. "गेला तो माझा मेहुणा. तिचा धाकटा भाऊ. मीच आणला त्याला इथे कामाला. पहिल्या दिवशी तिने विचारलं, हात केला होता का, तर मी हो म्हणालो. ती म्हणाली, माझ्या डोळ्यांत बघून सांगा. मग मला सांगता येईना. तेव्हापासून ती बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते."

रिवाइंडला काय बोलावं सुचेना. सुचत नसलं की तो तांत्रिक बोलतो. "होईल नीट," तो म्हणाला. "चित्र कुठेतरी असणारच." असं बोलायला नको होतं हे त्याला नंतर कळलं, पण बोलून बसला.

डिस्क ठणठणीत निघाली. मग त्याने सोळाही कॅमेरे एकामागून एक लावून पाहिले. पंधरा नीट चालत होते. तुटक होता तो फक्त अकरा नंबर. म्हणजे यंत्राचा दोष नव्हता. दोष अकराच्या वायरीत असणार, नाहीतर खुद्द कॅमेऱ्यात. त्याने कार्डातली अकराची वायर काढून नवाच्या जागी लावली आणि नवाची अकराच्या जागी. ही त्याची जुनी युक्ती. वायर खराब असेल तर दोष वायरीबरोबर जातो. पण दोष जागचा हलला नाही. लिफ्टचं चित्र नवाच्या जागेवर सुरळीत दिसायला लागलं, आणि नवाचं, गठ्ठ्यांच्या खोलीचं चांगलं चित्र अकराच्या जागेवर येताच उड्या मारू लागलं.

मग राहिली फक्त सेटिंग. त्याने अकराचं पान उघडलं. चार सेकंदांना एक चित्र, असं तिथे होतं.

"कुठल्या गाढवाने केलं हे?" रिवाइंड मोठ्याने म्हणाला.

यंत्रात सगळ्या बदलांची नोंद राहते. त्याने ती उघडली. सात महिन्यांपूर्वीची तारीख, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं, आणि बदल करणाऱ्याच्या नावापुढे त्याचं स्वतःचं नाव. पाटीवरचं, कुणी वाचत नसे ते.

त्याने खिशातली वही काढली. गोदामाचं पान सापडायला वेळ लागला. अक्षर त्याचंच होतं: "नं. ४ वाढवला. नं. ११ कमी केला. बाकी थोडे थोडे."

मग त्याला आठवलं. कार्डाची ताकद ठरलेली असते. सगळ्या कॅमेऱ्यांना मिळून सेकंदाला शंभर चित्रं, त्याहून एकही जास्त नाही. एकाच किटलीतला चहा सोळा कपांत ओतायचा, तसं. मालकांनी तेव्हा मोबाइलवर गोदाम बघायला सुरुवात केली होती, आणि फाटकावरच्या चार नंबरच्या कॅमेऱ्यात माणसं उड्या मारत चालतात अशी त्यांची तक्रार होती. ते नव्याने आलेल्या बड्या गिऱ्हाइकाला मोबाइल दाखवणार होते. रिवाइंडने चार नंबरचा कप काठोकाठ भरला. बाकीच्यांचं थोडं थोडं काढलं तरी पुरेना, म्हणून अकराचं जवळजवळ सगळं काढलं. मॅनेजरने विचारलंही होतं, लिफ्टवर चालेल ना? आणि हा म्हणाला होता, "तिथे काय असतं? लिफ्ट वर जाते, लिफ्ट खाली येते."

फाटकावरचा कॅमेरा पुसताना शिडी लिफ्टवाल्यानेच धरली होती त्या दिवशी.

खूप वेळ रिवाइंड त्या कपाटात बसून राहिला. हरवलेलं चित्र त्याने आयुष्यात अनेकदा शोधून काढलं होतं. पुसलेलं परत आणलं होतं, बिघडलेल्या डिस्कमधून तुकडे वेचून जोडले होते. पण जे घेतलंच गेलं नाही ते कुठून आणणार? पहिल्या आणि दुसऱ्या चित्राच्या मधले ते चार सेकंद कुठेच नव्हते. ते त्याने सात महिन्यांपूर्वीच, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, एका बोटाने टाकून दिले होते.

कपाटाबाहेर आल्यावर त्याने लिफ्टवाल्याची नजर चुकवली. "अजून दोन दिवस लागतील," एवढंच म्हणाला.

त्या दोन दिवसांत त्याने काय केलं हे मॅनेजरला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने अपघाताच्या आधीचे सहा दिवस अकरा नंबरवर लावले आणि एकेक चित्र पुढे सरकवत लिफ्टची प्रत्येक फेरी पाहिली. हिशेब साधा होता. हात साधारण सेकंदभर वर राहतो, आणि चित्र चार सेकंदांतून एकदा निघतं. म्हणजे माणूस दर फेरीला हात करत असेल, तर चारातल्या एका फेरीत तो सापडायला हवा. फार कमी सापडला तर समजायचं की करत नव्हता. वहीच्या मागच्या पानावर तो रेघा मारत गेला. फेरीला आडवी, हाताला उभी.

या सहा दिवसांत त्याला मेहुणाही दिसला. धिप्पाड, हसरा माणूस. एका चित्रात तो हातात दोन चहाचे ग्लास घेऊन येताना, पुढच्यात लिफ्टवाल्याच्या हातात ग्लास आणि हा नाहीच. एकात बटणाच्या चकचकीत पत्र्यात बघून केस विंचरणारा. एकात भावजींच्या खांद्यावर कोपर टेकून उभा, दोघेही कशाला तरी हसतायत. ते कशाला हसले हे पुढच्या चित्रात नव्हतं. रिवाइंडने पहिल्यांदाच कुणाला "मागे घ्या" म्हटलं नाही. तो तेच एक चित्र लावून बघत राहिला.

फेऱ्या एकशे शहाऐंशी भरल्या. चव्वेचाळीस फेऱ्यांत हात दिसला, उंच, सरळ, बोटं पसरलेला. म्हणजे चारातून एक. म्हणजे हा माणूस दर फेरीला हात करत होता. एकशे सत्याऐंशीवी, अपघाताच्या वेळची फेरी मात्र रिकामीच होती. दार उघडं, दार बंद. मधलं काही नाही.

सोमवारी सकाळी त्याने एका कागदावर लिहून दिलं की अकरा नंबरचं चित्र चार सेकंदांना एक असल्यामुळे लिफ्टवाल्याने हात केला की नाही हे त्यावरून ठरवता येत नाही, आधीच्या सहा दिवसांवरून तो नेहमी हात करत होता असं दिसतं, आणि ही सेटिंग मी स्वतः केली होती.

मॅनेजरने कागद दोनदा वाचला. "हे शेवटचं कशाला? आणि हे सहा दिवसांचं तुम्हाला कुणी विचारलं? सरळ लिहा की, चित्रात हात दिसत नाही. ते खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग झालं तर."

"पण वाचणारा समजेल की त्याने हात केला नाही."

"वाचणाऱ्याने काय समजायचं ते वाचणारा बघेल. तुम्ही तुमची वायर बघा."

रिवाइंडने मान हलवली. होकाराची नव्हे. मॅनेजर खुर्चीत मागे रेलला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बरं झालं आठवलं. पुढच्या महिन्यात आम्ही सगळे कॅमेरे बदलतोय. नवी यंत्रं, नवा माणूस. तुम्हाला उगाच हेलपाटा नको."

"बरं," रिवाइंड म्हणाला. कागदाची एक प्रत त्याने बाहेर बाकावर बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात दिली. मग परत दाराशी येऊन, वळून, मॅनेजरला "येतो" म्हणाला. मॅनेजरने मान वर केली नाही.

त्या कागदामुळे लिफ्टवाल्याची नोकरी वाचली. अधिकाऱ्याने वरच्या दाराच्या कळीकडे बोट दाखवलं, आणि मग गोदामाला हे प्रकरण वाढवण्यापेक्षा मिटवण्यातच जास्त रस वाटू लागला. लिफ्टवाल्याला कामावर घ्यायला ते तयार झाले. तो गेला मात्र नाही. घरीच बसला, असं पहारेकऱ्याने सांगितलं.

"तुम्ही जाऊन भेटा त्यांना," बायको म्हणाली. रिवाइंडने तिला सगळं सांगितलं होतं, स्वतःचं दुपारी तीन वाजून दहा मिनिटांचंसुद्धा. ती इस्त्री करत होती आणि बराच वेळ एकाच बाहीवरून इस्त्री फिरवत राहिली होती.

"जाऊन काय सांगू?"

"सांगून टाका ना, हात दिसला म्हणून."

"नाही दिसला गं."

"तुम्हाला नाही दिसला. पण इतक्या वेळा करत होता तर त्या वेळीही केलाच असेल की."

"असेल."

"मग 'असेल'चं 'आहे' केलं तर कुणाचं काय जातं? ती बाई नवऱ्याशी बोलायला लागेल. गेलेला काही परत येत नाही."

रिवाइंडने चपला घातल्या. मनाशी त्याचं ठरलंच होतं, जायचं आणि "दिसला" म्हणायचं.

"आणि ऐका," बायको आतून म्हणाली, "निघताना तेवढं 'येतो' म्हणू नका. दुःखाचं घर आहे. अशा घरातून उठावं आणि मुकाट्याने निघावं."

"एवढं कळतं मला."

"तुम्हाला कळतं हो. तुमच्या तोंडाला कळत नाही."

लिफ्टवाल्याचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढताना रिवाइंड एकच शब्द घोकत होता. दिसला. दिसला. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, भिंतीशी घडी करून ठेवलेल्या चादरी, आणि कपाटावर मेहुण्याचा फोटो, ओळखपत्रावरचा मोठा केलेला, म्हणून चेहरा थोडा धूसर. लिफ्टवाला पलंगावर बसला होता. रिवाइंडला पाहून तो उठला आणि त्याने खुर्ची पुढे केली. त्याची बायको आतल्या दारात येऊन उभी राहिली. तिने पाणी दिलं, बसा म्हटलं नाही.

"तुम्हीच ना कॅमेरेवाले?" ती म्हणाली. "तुम्ही बघितलंत ना ते?"

"हो, वहिनी."

"मग सांगा. यांनी हात केला होता का?"

रिवाइंडने तोंड उघडलं. शब्द जिभेवर तयार होता. पण ती त्याच्या डोळ्यांत बघत होती, आणि आयुष्यभर त्याने स्क्रीनवर नसलेलं काही आहे म्हणून सांगितलं नव्हतं. तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "मी सहा दिवसांच्या सगळ्या फेऱ्या बघितल्या," तो म्हणाला. "एकशे शहाऐंशी." आणि मग त्याने वही काढून आडव्या उभ्या रेघा दाखवल्या, चारातून एक म्हणजे काय ते समजावून सांगितलं, चव्वेचाळीस हात मोजून दाखवले. "म्हणजे हे दर वेळी हात करायचे, वहिनी. एकही फेरी चुकवायचे नाहीत."

"दर वेळी?"

"दर वेळी."

तिचा चेहरा जरासा सैल झाला. लिफ्टवाला त्या रेघांकडे बघत होता. त्याने बोटाने एक उभी रेघ हळूच पुसल्यासारखी केली, ती खरी आहे ना हे बघायला.

"आणि त्या दिवशी?" तिने विचारलं.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टुंटुं आवाज येत राहिला.

"त्या दिवशीचं सांगता येत नाही," रिवाइंड म्हणाला. "त्या वेळचं चित्रच नाही. आणि ते नाही, कारण मी ते काढून टाकलं होतं. सात महिन्यांपूर्वी. मालकांना फाटकावरचं चित्र छान हवं होतं, म्हणून मी लिफ्टवरचं कमी केलं. मला वाटलं तिथे काय असतं बघण्यासारखं." त्याने वहीचं गोदामाचं पान उघडून दोघांपुढे धरलं. "हे बघा. तारीख आहे. वेळ यंत्रात आहे. मीच केलंय. मला माफ करा असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला माहीत असावं."

बाईने ते पान वाचलं. मग ती आत गेली. आतून कसलाही आवाज आला नाही, रडण्याचासुद्धा.

लिफ्टवाल्याने वही हातात घेतली आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. रिवाइंड शिव्यांची वाट बघत होता. शिव्या मिळाल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुमचं बरं आहे साहेब," लिफ्टवाला अखेर म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, हेवा होता. "तुम्हाला माहीत तरी आहे."

त्याने वही मिटून परत दिली, दोन्ही हातांनी. रिवाइंड उठला. पुढचं काय झालं, तो जिना कसा उतरला, रस्ता कुठून ओलांडला, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. घरी पोचला तेव्हा बायकोने इस्त्रीचे कपडे कपाटात लावून ठेवले होते.

"सांगितलंत?" तिने विचारलं.

"खरं तेच सांगितलं."

मग तिने पाण्याचं भांडं त्याच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "निघताना 'येतो' म्हणाला नाहीत ना?"

रिवाइंड पाणी पिता पिता थांबला. तो खुर्चीतून उठला होता, हे त्याला आठवत होतं. वही खिशात घातली होती. दाराशी वळला होता का? लिफ्टवाला पलंगाशी उभा होता, कपाटावर तो फोटो होता, आणि त्यानंतर एकदम रस्ता. त्याने डोळे मिटले आणि सगळं पहिल्यापासून मागे घेतलं. खुर्ची, वही, रस्ता. पुन्हा मागे घेतलं.

"अहो?" बायको म्हणाली.

त्याने भांडं खाली ठेवलं.

"आठवत नाही," तो म्हणाला.